वाटीतला दगड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक दगड वाटीत भिजत घातला.

दिवेलागणीची वेळ होती. कौसाबाई, माझी बायको, भाकरी थापून उठली, हात धुतले आणि फळीवरची जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, वाटी काढली. एका बाजूनं चेपलेली. त्या वाटीत आमच्या घरात कोणी जेवत नाही. ती दगडाची वाटी. मी खिशातून आवळ्याएवढा तुकडा काढून दिला. तांबूस रंगाचा, आत काळे टोकदार खडे. तिनं तो पदरानं पुसला, जिभेला लावला, जरा वेळ तसाच धरला. मग वाटीत ठेवून वरून तांब्यानं पाणी ओतलं.

"टिकंल," ती म्हणली.

"जाईल," मी म्हणलो.

"टिकंल म्हणते ना. हरलेल्यानं वाटी धुवायची."

"ते ठरलेलंच हाय."

"ठरलेलं हाय, पण हरले की तुमाला नेमकं बाहेर काम निघतं."

आमची पोरगी संगीता भाजी चिरत होती, ती हसली. कौसाबाईनं वाटी माठाशेजारी ठेवली, वर ताटली झाकली. आम्ही जेवलो. ती दमली होती, लवकर आडवी झाली. पहाटे ती झोपेतच गेली. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

दिवाळी अंक काढणारी गावातली पोरं आली होती. म्हणली, बाबा, तुमी धरणाच्या ड्रिलिंगवर जिंदगी काढली, त्याच्यावर लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. दगडावर लिहायला सांगता, लिहितो. पण माझ्याकडं दगडाचं जे काही आहे त्याच्यात माझी बाई येते. वेगळी काढता येत नाही.

तो दगड कुठला, ते आधी सांगतो.

संगीता अंगणवाडी सेविका आहे. आमच्या घराला लागून मोकळी जागा आहे, तिथं तिचं घर धरलं होतं. खाली दोन खोल्या, पुढं जमलं तर वर दोन. जागेच्या मागून ओढा जातो. मिस्तरी सेनगावचे खाजाभाई. चांगला माणूस, हात साफ. कॉलमचे खड्डे खांदले. वर काळी माती निघाली, तिच्याखाली तांबूस खडक लागला. उन्हाळा होता. टिकाव मारला की ठणठण आवाज. खाजाभाई खड्ड्यातूनच म्हणले, "बाबा, खडक लगा. अब क्या देखना? दुपारच्याला मिक्सर आणतो, ओतून टाकू."

सळईच्या जाळ्या बांधून तयार, सिमेंट आलेलं. दुपारी कौसाबाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन खड्ड्याच्या काठावर येऊन बसली. हिवाळ्यापासून तिला धाप लागत होती. हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हृदय मोठं झालंय, जपा. तरी उन्हात येऊन बसली. डोक्यावर ओला टॉवेल.

मी खड्ड्यात उतरलो. खडकाला हात लावला. नखानं ओढलं. मग एक तुकडा फोडून घेतला आणि वर येऊन म्हणलो, "आज नको. हा रातभर पाण्यात ठेवतो, सकाळी सांगतो."

खाजाभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं, उद्या सकाळी मिक्सर घेऊनच येतो म्हणले. संगीता माझ्याकडं बघायला लागली. कौसाबाई म्हणली, "जिंदगीभर दुसऱ्याचे पाये बघत फिरले. आज आपला एक बघू द्या की मला."

"उद्या बघ."

"उद्या का," ती म्हणली. डोक्यावरचा टॉवेल सारखा केला. "बरं. उद्या."

आणि खुर्ची उचलायला लागली. संगीतानं तिच्या हातातून घेतली.

तर हे असं होतं. आता माझं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे मी त्या दिवशी नाही काहून म्हणलो ते कळेल.

धरण बांधायचं, पूल बांधायचा, तर आधी जमिनीच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं. त्याच्यासाठी ड्रिलिंगचं मशीन. पाईपाच्या तोंडाला हिऱ्याच्या कणांचा दात बसवलेला असतो. तो गोल फिरत दगड कापत खाली जातो, आणि पाईपाच्या आत दगडाचा दांडका तयार होतो. त्याला कोअर म्हणतात. तो वर काढायचा, धुवायचा आणि लाकडी पेटीच्या खणात ओळीनं मांडायचा. किती खोलीवरचा, ते रंगानं पेटीवर लिहायचं. मी हेल्पर होतो. पाईप जोडायचे, पाईप सोडवायचे, आणि भोकातून परत येणाऱ्या पाण्याचा रंग बघत उभं राहायचं. पाणी राखाडी येत असलं की समजायचं, काळा खडक चालू आहे. एकदम तांबडं झालं की ड्रिलरला ओरडून सांगायचं. मशीनच्या आवाजानं माझा डावा कान गेला. बाईला माहीत होतं, ती कायम उजवीकडून बोलायची.

आपल्या भागात काळा पाषाण आहे हे सगळ्यांना माहीत आहे. लोकांना वाटतं, खाली सगळा तोच. तसं नाही. आमचे साहेब भूगर्भाचे होते. ते समजून सांगायचे, की फार मागं जमीन फाटून तापलेला रस वाहिला. एक थर आला, थंड झाला, मग दुसरा. भाकरीवर भाकर ठेवावी तसा. पण दोन भाकरींच्या मध्ये काय काय अडकतं. राख पडते. वरचा पापुद्रा फुटून त्याचे तुकडे होतात. ते तुकडे राखेत, नाहीतर रसात अडकून त्याचा पुन्हा दगड होतो. असा तुकड्यांचा दगड.

त्याला नावं आहेत. बाजरीच्या दाण्यापेक्षा बारीक सगळं असलं तर ती राख, तिचा दगड झाला की टफ. बाजरीपासून मोसंबीएवढे तुकडे असले तर लॅपिली. त्याहून मोठे असले आणि टोकदार असले तर ब्रेशिया. मोठे पण गोलसर असले तर आणखी वेगळं नाव. साहेब हे सगळं आम्हाला चहाच्या वेळी पेटीजवळ बसून सांगायचे. मला एकदा विचारलं, "कळलं का?" मी म्हणलो, "नावं कळली साहेब. पण त्यानं करायचं काय?"

साहेब म्हणले, "बरोबर. दगड कसा झाला ते या नावात आहे. आपल्याला पाहिजे तो पुढं काय करील ते. धरणवाल्याला राख कुठून उडाली त्याच्याशी काम नाही. त्याला एवढंच पाहिजे, वजन टाकलं तर दबेल का, आणि पाणी लागलं तर राहील का. म्हणून दोन नावं लिहायची. एक जन्माचं, एक स्वभावाचं."

हे दुसरं नाव लोक विसरतात. साहेब आजारी पडले तेव्हा आम्हीसुद्धा विसरलो. एका धरणाच्या सांडव्याच्या जागेवर मशीन लावलं होतं. साहेब गावी. त्या भोकात तुकड्यांचा दगड लागला, पण कोअर निघाला हातभर लांब, अखंड. एवढा चांगला कोअर महिन्यातून एखादा निघतो. ड्रिलर खूश, मी खूश. पेटीत मांडला, वर लिहिलं ब्रेशिया, कठीण. झाकण लावलं. मध्ये दोन-तीन पाऊस झाले, ऊनही झालं.

साहेब परत आले आणि पेटी उघडली, तर आत कोअर नाही. नुसता तांबडा चुरा आणि खडे.

ड्रिलर भडकला. त्याला वाटलं, कोअर कोणी तरी पळवला आणि मुरूम भरून ठेवला. वॉचमन होता कळमनुरीकडचा, म्हातारा. ड्रिलर त्याला म्हणला, "सांग, कोणाला विकला?"

वॉचमन म्हणला, "बापा, दगूड कोण घेतंय? न्यायचाच असता तर मी डिझेल नेलं नसतं का?"

 साहेबांनी शेजारच्या भोकातला ताजा तुकडा उचलला आणि म्हणले, एखादं भांडं आहे का? मी झोपडीवर जाऊन कौसाबाईला विचारलं. तिनं वरणाची वाटी दिली. साहेबांनी तुकडा पाण्यात टाकला आणि सांगितलं, सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सकाळी बघतो तर वाटीत गाळ, आणि गाळात खडे सुटे होऊन पडलेले. वॉचमन वाटीत वाकून बघत राहिला. मग ड्रिलरला म्हणला, "हा बघ चोर. बांध ह्याला."

त्या दिवसापासून ती वाटी दगडाची झाली. कौसाबाईनं परत घ्यायचं नाकारलं. म्हणली, त्याच्यात आता कोणी जेवणार न्हाई, ठेवा तुमच्या साहेबालाच.

सांडव्याचा पाया तिथं पुढं आणखी खाली नेला. तो तांबडा थर सगळा काढला. पेटीवरचं नाव साहेबांनी खोडलं आणि दुसरं लिहिलं. लांबलचक. मी वाचायचा प्रयत्न केला, अर्ध्यात थकलो.

बाई त्या कॅम्पवर माझ्याबरोबर असायची. पत्र्याची झोपडी, मशीन हललं की झोपडी हलायची. कुरुंद्याची पोरगी ती, हळदीच्या कामात वाढलेली. बसून राहणं तिला जमायचं नाही. कोअर धुवायच्या कामावर रोजानं लागली. कोअर ओला केल्याशिवाय रंग दिसत नाही, तुकडे दिसत नाहीत, म्हणून साहेब बघायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचा असतो. संगीता पोटात होती. त्या दिवसांत बायांना माती खावीशी वाटते. एक दिवस साहेब पेटीजवळ आले आणि ही कोअरला जीभ लावून बसलेली.

साहेब म्हणले, "बाई, भूक लागली का?"

ही घाबरली नाही. म्हणली, "भूक न्हाई साहेब. कच्चा हाय का पक्का ते बघते. कच्चा जिभेला धरतो, सोडत न्हाई. पक्का सरळ सुटतो."

साहेबांनी तिच्या हातातून तुकडा घेतला आणि स्वतःच्या जिभेला लावला. म्हणले, "बरोबर. आमच्या मास्तरांनी पण हेच शिकवलं होतं. मातीचा अंश असला की चिकटतो. फक्त आम्ही कोणी बघत नसताना लावतो."

मग तिनं नावं ठेवायला सुरुवात केली. नुसती राख दाबून झालेला टफ, त्याला ती शिळी भाकर म्हणायची. तुकड्यांच्या दगडाला दोन नावं: चिक्की आणि लाडू. मला म्हणायची, "तुमी दाणे मोजत बसता. दाणे दोन्हीत तेच. पाक बघा. पाक पक्का तर चिक्की, पाक कच्चा तर लाडू. लाडू पाण्यात टाकल्यावर काय होईल, ते लेकरू बी सांगंल." साहेबांना हे सांगितलं तर ते हसले, आणि नव्या आलेल्या इंजिनिअरला पेटीजवळ उभं करून तसंच समजावलं. इंजिनिअरनं तोंड वाकडं केलं नाही. डोकं हलवलं आणि म्हणला, माझी आजी लाडूच करायची, चिक्की तिला कधी जमली नाही.

तेव्हापासून आमची पैज. तुकडा भिजत घालायचा, दोघांनी सांगायचं, हरेल त्यानं वाटी धुवायची. वाटी बहुतेक वेळा मीच धुतली. मी डोळ्यानं सांगायचो, ती जिभेनं.

प्रत्येक तुकड्यांचा दगड वाईट, असंही नाही. हे मला साखरा गावाच्या बाजूला एका पुलाच्या कामावर कळलं. ओढ्यात खांबाचा खड्डा घेतलेला, खाली ब्रेशिया. मी सांडव्याचा पोळलेला. साहेबांना म्हणलो, काढून टाकायला सांगा. मला तो दगड बघूनच राग आला होता. कौसाबाईनं जीभ लावली आणि म्हणली, "सुटतो. चिक्की हाय." वाटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तसाच. आठवडाभर ठेवला, ओला केला, वाळवला, परत ओला केला, तसाच. तुकड्यांच्या फटीत पांढरं, गारेसारखं काहीतरी भरून पक्कं झालं होतं. साहेबांनी ठोकून, तपासून, प्रयोगशाळेत पाठवून मग हो म्हणलं. पूल तिथंच उभा केला. त्यावरनं जाताना कौसाबाई दर वेळी बसमध्ये मला कोपरानं ढोसायची. "काढून टाका म्हणत होते." दर वेळी.

गिऱ्हाईकं पण भेटली. सरकारी काम असलं तरी जवळपासचे शेतकरी यायचे, साहेब, आमची विहीर बघा. शिरड शहापूरकडचा एक होता. त्याच्या विहिरीत वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, मध्ये हातभर तांबडा राखेचा थर. पाणी चढ-उतार झालं की तो थर खिरायचा, आणि वरचा काळा खडक अधांतरी राहायचा. साहेब म्हणले, तेवढ्याच पट्ट्यात दगडी बांधकाम करून घे, नाहीतर एक दिवस वरचं खाली येईल. तो म्हणला, "पण साहेब, ह्याला म्हणतात काय?"

"लाल थर म्हण."

"लाल तर मला बी दिसतंय. त्याला नाव काय? नाव न्हाई त्याच्यावर खर्च कसा करू? भावानं विचारलं तर काय सांगू?"

साहेबांनी त्याला समजावलं, तो हलेना. शेवटी साहेब म्हणले, "क्ले-बेअरिंग व्हिट्रिक टफ." शेतकऱ्यानं तीनदा म्हणून घेतलं. मला म्हणला, तुम्ही पण म्हणा, मी विसरलो तर. दोन महिन्यांनी गेलो तर बांधकाम झालेलं, आणि विहिरीच्या काठाला पांढऱ्या रंगात ते नाव लिहिलेलं, जसं कानाला लागलं तसं. कौसाबाई वाचून म्हणली, "ह्या दगडाचं बारसं झालं बघा. आपल्या पोरीचं बी एवढं थाटात न्हाई झालं."

असं सगळं. पुढं मशीन जुनं झालं, मी जुना झालो. साहेब निवृत्त होऊन मोठ्या शहरात गेले. एकदा फोन आला होता, मग नाही. आता कोअरचे फोटो मोबाईलवर जातात म्हणे. जाऊ द्या. फोटो कोणी चाटत नाही एवढं मला कळतं. कधीकधी वाटतं, मी इतके पाये बघितले, त्यातलं एकही बांधकाम माझं नाही. धरणाच्या उद्घाटनाला आम्हाला लांब उभं केलं होतं, मंडपाच्या मागं. बाईला काही दिसलं नाही. ती म्हणली, वरचं दिसून काय करायचं, खालचं आपण बघितलंय. पण तिला दिसायला पाहिजे होतं. ते तिनं त्या दिवशी खड्ड्यावर खुर्ची टाकून मागितलं आणि मी उद्या म्हणलो.

उन्हाळ्यात असला दगड टिकावाखाली ठणठण वाजतो. वाळलेला लाडू पण वाजतो. मागं ओढा आहे. पावसाळ्यात खड्ड्यापर्यंत पाणी येणार, उन्हाळ्यात जाणार, असं दरवर्षी. दोन मजले त्याच्यावर. मी एक रात्र मागितली, ती एवढ्यासाठी.

सकाळ झाली तेव्हा घरात माणसं होती. विहारातल्या बाया आल्या होत्या. कुरुंद्याला फोन गेला होता, तिचे भाऊ निघाले होते. मी ओट्यावर बसलो होतो. कोणी काय सांगत होतं, ते डाव्या बाजूनं असल्यामुळं मला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात गल्लीत ट्रॅक्टर आला, मागं मिक्सर. खाजाभाईंना कोणी कळवलंच नव्हतं. ठरलेल्या वेळेला ते आले. दारातली माणसं बघून त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाबा," ते म्हणले, "मैं वापस जाता."

संगीता आतून बाहेर आली. डोळे सुजलेले. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. मायीसारखी.

"बाबा, त्यांना जाऊ नका देऊ. एक तरी कॉलम ओतू द्या. मायीला कालच बघायचं होतं. तिला न्यायच्या आधी ओता. तिथून नेऊ तिला, तिथं थोडं थांबू."

बायांमधली एक म्हणली, "व्हय की. एवढी इच्छा होती बिचारीची."

दुसरा कोणी म्हणला, "खडक तर लागलाच हाय म्हणतात. एका कॉलमानं काय होतंय."

खाजाभाई माझ्याकडं बघत होते. मी हो म्हणलो असतो तर त्यांनी त्याच क्षणी ओतलं असतं. पैसे पण घेतले नसते.

मी उठलो, आत गेलो. बायांनी बाजू दिली, त्यांना वाटलं मी तिच्याजवळ बसायला आलो. मी माठाकडं गेलो. ताटली काढली.

पाणी तांबडं झालेलं. मी दोन बोटं आत घातली. तळाला गाळ, मऊ, लोण्यासारखा. काळे खडे सुटे झालेले, एक-एक बोटाला लागत होता. तुकडा म्हणून काही राहिलं नव्हतं.

वाटी घेऊन मी बाहेर आलो. संगीतापुढं धरली. तिनं बघितलं, मग स्वतः बोट घातलं. लहानपणी ती पेटीजवळ खेळायची, तिला सांगावं लागत नाही.

"गेला," ती म्हणली.

"गेला."

"पण माय तर टिकंल म्हणली होती. मी होते तिथं."

"जिभेला चिकटला होता तिच्या," मी म्हणलो. "मी बघितलं. काढताना जीभ ओढली गेली. तिला रातीच कळलं होतं."

संगीता म्हणली, "मंग टिकंल काहून म्हणली?"

  ती मला ओळखत होती, एवढं सांगता येतं. मी नाही म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. आणि ओतायचं असतं तर तिनं पैज लावली नसती, दुपारीच भांडली असती. भांडायला ती कमी नव्हती.

"खाजाभाई," मी म्हणलो, "तांबडा सगळा काढा. काळा लागेपर्यंत खाली घ्या. आजच न्हाई. घाई न्हाई आता."

खाजाभाईंनी मान हलवली. ट्रॅक्टर चालू केला नाही. दोन पोरं बोलावली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत हातानं ढकलत नेला, आवाज नको म्हणून.

संगीता आत गेली. बाया पाणी तापवत होत्या, कौसाबाईला आंघोळ घालायची होती. मी अंगणातल्या नळावर बसलो. गाळ मातीत ओतला. खडे बाजूला काढले. वाटीच्या चेपलेल्या कोपऱ्यात कायम थोडी तांबडी माती अडकून राहते, ती बोटानं निघत नाही. कौसाबाई तिला राख लावून काथ्यानं घासायची, आणि माझ्या पाळीला मी ती तशीच सोडायचो, त्यावरनं ती बोलायची. मी चुलीतली राख आणली, काथ्या घेतला आणि कोपरा निघेपर्यंत घासला.

पाळी तिची होती.